घंटेनंतरचा हात

घणसोली गावात शिवा पाटलाचं कुणाशी पटत नसे, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. नळावर भांडण, देवळाच्या कमिटीत भांडण, बसच्या कंडक्टरशी तर रोजचंच. नाक चपटं, डावा कान मोडलेला, आवाज फाटका. गल्लीतून चालायला लागला की समोरचा माणूस आपणहून भिंतीला चिकटायचा. लोक भितात म्हणून नव्हे, तर सकाळी सकाळी याच्या तोंडाला कोण लागणार, म्हणून. पण शिवाची समजूत अशी की सगळा गाव त्याच्या ठोशाला वचकून आहे. ती समजूत कुणी मोडली नाही, तेवढा त्रास घेण्याइतकं त्याच्यावर कुणाचं प्रेमही नव्हतं.

त्याचा बाप मिठागरात राबून गेला. शिवा अठराव्या वर्षी नेव्हीत भरती झाला आणि तिथे बॉक्सिंग शिकला. पंधरा वर्षांनी, अठ्ठ्याऐंशी साली, तो पेन्शन घेऊन घरी आला तेव्हा भाताची खाचरं नव्या शहराच्या खुंट्यांखाली गेलेली. थोरला भाऊ वारलेला. घरात उरली होती भावजय मालतीबाई आणि तिचा मुलगा मिथुन. घरामागे काढलेल्या चार खोल्यांत साताऱ्याकडचे माथाडी भाड्याने राहत. वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याची पोती वाहणारी ही माणसं. शिवा त्यांना 'घाटी' म्हणायचा. जमीन सरकारने घेतली हे त्याला नीट ठाऊक होतं, पण सरकार काही रोज सकाळी त्याच्या अंगणात दात घासत नसे. घाटी घासत. म्हणून सगळा राग त्यांच्यावर. ज्यांच्या भाड्यावर चूल पेटायची, त्यांच्याच नावाने हा बोटं मोडायचा.

खाडीच्या अंगाला मीठ साठवायची एक जुनी शेड होती. पत्र्याची, खाली फळ्या. तिथे त्याने गावातल्या पोरांचा बॉक्सिंगचा क्लास काढला होता. हातमोज्यांच्या चार जोड्या, एक तडकलेला आरसा आणि तुळईला टांगलेलं, ओली वाळू आणि चिंध्या भरलेलं गोणपाटाचं पोतं, एवढाच संसार. पण शिकवावं शिवानेच, हे त्याच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं. पहिला महिनाभर तो हात उचलू द्यायचा नाही. पोरांना मिठागराच्या बांधावर न्यायचा. बांध वीतभर रुंद, दोन्हीकडे खारा चिखल. त्यावर डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, अशा पवित्र्यात पुढे सरकायचं आणि तसंच मागे यायचं. पायावर पाय ओलांडला की माणूस थेट चिखलात.

"पाय पयले, हात मागशी," तो ओरडायचा. "हात कोन पन मारतो. रस्त्यावरचा बेवडा पन मारतो."

मग हनुवटीखाली टेनिसचा चेंडू. तो पडू न देता अर्धा तास पोत्यावर ठोसे. दोन्ही काखांत दुमडलेले रुमाल, कोपर बरगड्यांपासून सुटलं आणि रुमाल पडला की वीस बैठका. ठोसा खांद्यातून सुटला पाहिजे आणि ज्या वाटेने गेला त्याच वाटेने गालाशी परत आला पाहिजे. ताकद हातात नसते, मागच्या टाचेच्या पिळात असते. प्रत्येक ठोशागणिक श्वास बाहेर. आणि प्रत्येक धड्याला एक शेपूट असायचंच: "जिंदगीत पन आसंच हाय." हनुवटी खाली ठेवा, जिंदगीत पन आसंच हाय. मार खाल्ल्यावर डोळे मिटू नका, जिंदगीत पन आसंच हाय. पोरं पाठ फिरली की त्याची नक्कल करायची. गंमत म्हणजे स्वतःच्या जिंदगीत त्याने यातलं एकही कधी केलं नव्हतं. तिथे तो पहिल्या घंटेपासून नुसते हात फिरवत सुटायचा.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी मागच्या खोलीतला भाडेकरू शहाजी शेडच्या दारात येऊन उभा राहिला. पंचविशीचा, सडपातळ, मान मात्र बैलासारखी. कोरेगावकडचा. गावी तालमीत कुस्ती केलेली, इथे चार वर्षं पोती वाहत होता. दारात वाकून त्याने उंबऱ्याची माती कपाळाला लावली.

"वस्ताद, मला शिकायचं हाय."

"मी वस्ताद नाय. कोच हाय," शिवा म्हणाला. "आनि ही तालीम नाय. जा, कांदे उचल."

"त्येच उचलून पाठ गेली माझी. आमच्या टोळीतला एकजण ह्यो खेळ खेळून रेल्वेत लागला. म्हटलं, आपनबी बघावं."

शिवा त्याला हाकलूनच देणार होता. पण गावच्या पोरांसमोर घाट्याची फजिती करायची आयती संधी कोण सोडणार? त्याने पोत्याकडे बोट दाखवलं. "मार."

शहाजीने पोत्याकडे पाहिलं, पुढे झाला, गुडघ्यात वाकला आणि पोत्याला खालून मिठीच घातली. चार वर्षांची सवय. पोतं दिसलं की खांदा आपोआप त्याच्याखाली जायचा. पोरं हसून लोळली. मिथुन तर भिंतीला टेकून डोळे पुसत होता. शिवाही हसला, आणि हसण्याच्या भरात म्हणाला, "ये उद्यापासून."

महिनाभर हात न उचलू देण्याचा नियम पोरांच्या करमणुकीपायी मोडून, पहिल्याच आठवड्यात शहाजीला मोजे चढवून एका पोरासमोर उभं केलं. घंटा म्हणजे रेल्वेरुळाचा टांगलेला तुकडा. तो वाजला, आणि शहाजीने पहिलं काय केलं, तर डावा हात लांब करून समोरच्यापुढे धरला. सलामी. तालमीत असंच असतं. मातीत उतरलं की आधी हाताला हात लावायचा, मग भिडायचं. बॉक्सिंगमध्येही मोज्याला मोजा लावतात, पण घंटेच्या आधी. घंटा झाली की गालापासून हात हलवणारा माणूस स्वतःचं थोबाड समोरच्याला ताटात वाढून देतो. समोरच्या पोराने थट्टेने त्याच्या मोज्यावर टपली मारली आणि खेळ सुरू झाला.

शिवाने ते पाहिलं. ओरडायला तोंडही उघडलं. पण का कोण जाणे, ते मिटून घेतलं. राहू दे घाट्याची खोड घाट्याजवळ, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं.

बाकी सगळं मात्र त्याने शिकवलं. खरं तर छळ म्हणून शिकवलं. इतरांना बांधावर एक महिना, शहाजीला तीन. इतरांना वीस बैठका, शहाजीला पन्नास. पहाटे बाजारात गाड्या रिकाम्या करून, अंगाला कांद्याचा वास घेऊन तो दुपारी यायचा आणि तोंडातून शब्द न काढता शिवा सांगेल ते करायचा. वाकलेली पाठ सरळ झाली. पकडायला पुढे धावणारे पंजे गालाशी थांबायला शिकले. हा थकून पळून जाईल म्हणून दिलेली मेहनत त्याच्या अंगात जिरत गेली, आणि वर्षभरात त्याचा डाव्या हाताचा सरळ ठोसा असा सुटायला लागला की शेडमधली पोरं त्याच्यासमोर उभं राहायला का-कू करू लागली. फक्त मिथुन उभा राहायचा. मिथुन अंगचाच खेळाडू. पाय हलके, नजर तेज, पण आळशी. शहाजीला जे शंभर वेळा घोटून यायचं ते मिथुनला दोनदा बघून येई, आणि तिसऱ्या दिवशी तो क्लास बुडवून ऐरोलीला पिक्चर बघायला जाई.

सलामी मात्र तशीच राहिली. घंटा झाली की शहाजीचा डावा हात पुढे यायचा, समोरचा त्याला मोजा लावायचा आणि मग खेळ. पोरांना ते आवडायला लागलं होतं. मिथुनसकट सगळेच आता आपणहून हात लावत. शिवा भिंतीपाशी उभा राहून रोज पाहायचा. कोपर दोन बोटं सुटलं तरी शिव्या घालणारा हा माणूस त्या हाताबद्दल मात्र कधी बोलला नाही. पुढे पुढे तर तो हात पुढे आला की शिवा नजर दुसरीकडे वळवायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याचा माणूस गावात आला. कारखान्याचा खेळाचा संघ होता आणि त्रेसष्ट किलो वजनाचा एक बॉक्सर त्यांना हवा होता. कायमची नोकरी, सिक्युरिटीत. त्या वजनाचे शिवाकडे दोघेच, मिथुन आणि शहाजी. हे साहेब म्हणाले, रविवारी सकाळी दोघांना खेळवा, जो जिंकेल त्याला सोमवारी कागद देतो.

त्या दिवसापासून मालतीबाईने घर डोक्यावर घेतलं.

"भावजी, जमीन गेली ती आमची. मीठ गेला तो आमचा. आता नोकरी पन त्या घाट्याच्या घशात घालताव का?"

"खेळून ठरंल."

"तुमीच शिकवलाव ना त्याला? तुमच्या भावाचा पोर रस्त्यावर फिरतंय आनि तुमी पोती उचलनाऱ्याला ठोसे शिकवताव!" तिने भाकरी अशी आपटली की परातीतलं पीठ उडालं. "मेल्या मानसाला काय तोंड दाखवाल?"

शिवाने तिला उलट दोन शब्द सुनावले, पण जेवण मात्र गेलं नाही. कारण त्याला आकडा पाठ होता. तीन फेऱ्या मिथुन टिकणार नाही. पहिली फेरी बरोबरीची, दुसरीत मिथुनचा दम उखडणार, तिसरीत शहाजी त्याला दोरीवर बसवणार. आजवर मिथुनला अंगाचं पाणी कर म्हणून किती बोंबललो, असं म्हणून तो मनातल्या मनात मिथुनवर चिडला, मग शहाजीवर चिडला, आणि शेवटी नेहमीप्रमाणे साऱ्या सातारा जिल्ह्यावर.

रविवारी शेड खच्चून भरली. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला बाजारातले वीसेक माथाडी, मध्ये दोरी. साहेबांनी पंच स्वतःबरोबर आणला होता. दोघेही शिवाचेच चेले, तेव्हा त्याने कुणाच्याच कोपऱ्यात उभं राहायला नको होतं. तो मिथुनच्या कोपऱ्यात गेला. शहाजीच्या कोपऱ्यात त्याच्या टोळीतला एक म्हातारा पाण्याची बाटली घेऊन बसला होता, ज्याला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शहाजीने एकदा शिवाकडे पाहिलं, आपल्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच दाताने मोज्यांची नाडी ओढली.

मिथुनचे मोजे बांधता बांधता शिवा खालच्या आवाजात म्हणाला, "घंटा झाली का तो हात फुडं करंल."

"हां, मग?"

"मग काय? तवाच उजवा मार. सरळ. टाच पिळून."

मिथुनने मान वर केली. "काका, तो सलामी देतो यार. आपण सगळेच हात लावतो."

"नियमात बसतंय."

"नियमात बसतंय, पण..."

"आईकडं बघ," शिवा म्हणाला. मालतीबाई दारातच उभी होती, पदर तोंडाशी धरून. मिथुनने तिकडे पाहिलं आणि दुसरा हात मोज्यासाठी पुढे केला.

पंचाने दोघांना मध्ये बोलावलं, नियम सांगितले, मोज्याला मोजा लावायला लावला, परत पाठवलं. रूळ वाजला. शहाजी दोन पावलं पुढे आला, पाय कसे अगदी बांधावर टाकावेत तसे, आणि सवयीने त्याचा डावा हात मिथुनपुढे आला. चेहऱ्यावर थोडं हसूही होतं. मिथुन क्षणभर थांबला. तो थांबला हे शिवाने पाहिलं, आणि शिवाच ओरडला, "मार!"

उजवा ठोसा हनुवटीच्या कोपऱ्यावर बसला. वर्षभरात मिथुनने मारलेला तो सगळ्यात सुरेख ठोसा होता. टाच पिळलेली, खांदा मागून आलेला, हात त्याच वाटेने परत. शहाजी फळ्यांवर आडवा पडला. पंचाच्या मोजणीत सातला गुडघ्यावर आला, नवाला उभा राहिला, पण त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते. पंचाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि खेळ थांबवला. गावाने जल्लोष केला. माथाड्यांतून शिव्या सुरू झाल्या, कुणीतरी दोरी ओढली, आणि हाणामारी व्हायची ती साहेबांच्या समोर नको म्हणून कशीबशी टळली. ठोसा नियमात होता. साहेबांनी तसं मोठ्याने सांगितलं आणि मिथुनचं नाव लिहून घेतलं.

शेड रिकामी झाली तरी शहाजी फळीवर बसून होता. ओठातलं रक्त त्याने पुसलं नव्हतं. मिथुन पाण्याचा तांब्या घेऊन जवळ गेला, तर त्याने तो न बघताच बाजूला सारला.

"वस्ताद," तो म्हणाला, "ह्ये तुमास्नी म्हाईत हुतं?"

"घंटा झाल्यावर हात फुडं करायचा नसतो. नियम हाय तो."

"नियम आज सांगताय."

"तुला समजायला नको? दीड वर्ष आयलास ना?"

"दीड वरीस तुमी माझी टाच बघितली. कोपर बघितलं. हनुवटी दोन बोटं वर झाली तर आईवरनं शिव्या घातल्या. म्या ऐकून घेतल्या. म्हटलं, मानूस कडू हाय, पर शिकवतोय खरं." तो उठला. "हातच तेवढा दिसला न्हाई व्हय तुमास्नी?"

"तोंड सांभाळून बोल. माझे घरात राहतंस."

"आजपासनं न्हाई ऱ्हात. आमच्या तालमीचा वस्ताद काठीनं फोडायचा आमाला. पर त्यानं चूक बघून कधी तोंड मिटलं न्हाई. तुमी त्याच्या पायाजवळ उभं ऱ्हायच्या लायकीचं न्हाई."

शिवाच्या मुठी वळल्या. आयुष्यात इतकं ऐकून त्याने कुणाला सोडलं नव्हतं. पण शहाजीने मोजे काढून खाली ठेवले, पाठ फिरवली आणि तो सावकाश चालत गेला, आणि शिवा जागच्या जागी उभा राहिला. त्याला लाज वाटत होती. ही वस्तू त्याने इतक्या वर्षांत वापरली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी त्याने घरी येऊन मालतीबाईशी पाण्याच्या हंड्यावरून भांडण काढलं.

त्याच दिवशी खोली रिकामी झाली. शहाजी तुर्भ्याला गाववाल्यांत राहायला गेला आणि परत पोती वाहू लागला. आठवडाभरात उरलेल्या तीन खोल्यांतले माथाडीही गेले. शिवा म्हणाला, बरं झालं, पीडा गेली. नवे भाडेकरू त्याला मिळाले, आणि त्यांच्यावरही तो तितक्याच इमानाने डाफरू लागला.

क्लास मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. पोरं यायची, पण 'कोपर आत घे' म्हटलं की पूर्वी निमूट घ्यायची, ती आता शिवाच्या तोंडाकडे बघत. एकमेकांत हळूच विचारत, माझं बघ रे, काही चुकतंय का? सलामी देणंही त्यांनी आपापसांत बंद केलं होतं, कुणी सांगितल्याशिवायच.

मिथुन कामाला लागला. चार महिन्यांनी एका रविवारी तो शेडमध्ये आला. कारखान्यांच्या सामन्यांत त्याची पहिली लढत पुढच्या आठवड्यात होती. शिवा मनातून हरखला, पण तोंडाने म्हणाला, "आली का आठवन?" त्याने स्वतः पोतं धरलं. मिथुन मारत राहिला. चांगला मारत होता. अंगाचं पाणी करायला शिकला होता.

"डावा खांदा वर ठेव," शिवा म्हणाला. "बाकी झकास."

मिथुन थांबला. धापा टाकत म्हणाला, "बाकी काय?"

"बाकी झकास म्हनलो ना."

"काका, एक विचारू? शहाजीचा हात तू ठेवला होतास. माझं काय ठेवलंयस?"

शिवाला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि चपट्या नाकाचा तो चेहरा लालबुंद झाला. "तू माझे भावाचा पोर! मी तुला..."

"ते नाय विचारलं. माझ्यात काय चुकतंय, जे तू बघतोस आणि बोलत नाहीस?"

"काय नाय."

"खरं सांग ना. मी कोणाला नाय बोलणार."

"भावाची शपथ, काय नाय!" शिवा ओरडला. आणि ते खरं होतं. मिथुनची एक चूक त्याने कधी पोटात ठेवली नव्हती. लहानपणापासून जे दिसेल ते त्याच्या तोंडावर फेकलं होतं. पण हे सिद्ध करायला त्याच्यापाशी काहीही नव्हतं, आणि मिथुन ज्या नजरेने त्याच्याकडे पाहत होता, तिला शपथ पुरणार नव्हती.

"बरं," मिथुन म्हणाला. त्याने मोजे काढले, घाम पुसला, काकाच्या पाया पडला आणि निघाला. दारातून शिवाने विचारलं, पुढच्या रविवारी येशील ना? मिथुन म्हणाला, बघतो, शिफ्टचं टेन्शन आहे.

तो आला नाही. पुढे मालतीबाईच्याच तोंडून शिवाला कळलं की मिथुनने कारखान्याच्या कोचचे पाय धरले होते. आपल्याला काहीच येत नाही असं धरून चाला, म्हणाला होता, आणि उभं कसं राहायचं इथपासून सगळं त्याने नव्याने शिकायला घेतलं होतं.